विश्लेषण : टॉर्पेडो आदळतो, पण फुटत नाही! युद्धनौकांच्या गेममध्ये खरेपणा किती, वैताग किती?

खेळाडू पाऊण तासापासून एका मालवाहू जहाजाच्या मागावर आहे. पेरिस्कोपमधून डोलकाठी मोजून अंतर काढून झाले, स्टॉपवॉच लावून जहाजाचा वेग काढून झाला. टॉर्पेडो सुटतो. खेळाडू सेकंद मोजत स्क्रीनकडे पाहत राहतो. ठरल्या क्षणी पोलादावर काहीतरी आपटल्याचा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. टॉर्पेडो निकामी निघाला. मालवाहू जहाज आपल्या वाटेने निघून जाते, सोबतची विनाशिका मात्र पाणबुडीच्या दिशेने वळते.

अशा वेळी काही जण गेम बंद करून झोपायला जातात. काही जण चक्क खूश होतात, कारण दुसऱ्या महायुद्धात हे असेच घडत होते. नौदल युद्धाच्या संगणकीय गेमना गेली तीसेक वर्षे हा वाद चिकटलेला आहे. खरेपणा वाढवला की वैताग वाढतो आणि वैताग कमी केला की समुद्र खोटा वाटू लागतो, असे दोन्ही बाजू मानतात. पण खरेपणा आणि वैताग हे खरोखर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसतात का?

खरी लढाई जशीच्या तशी का आणता येत नाही?

कारण खरी नौदल लढाई बहुतेक वेळ कंटाळवाणी आणि उरलेला वेळ अन्यायकारक असते. ३१ मे १९१६ रोजी सुरू झालेल्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिश आणि जर्मन आरमारांच्या मोठ्या तोफांनी हजारो गोळे डागले. त्यांतले नेमावर बसले ते ढोबळमानाने शंभरात तीन. वर्षानुवर्षे सराव केलेल्या तोफचींची ही कथा. हेच प्रमाण गेममध्ये ठेवले तर खेळाडू शंभर वेळा क्लिक करणार आणि सत्त्याण्णव वेळा समुद्रात पाण्याचे फवारे उडताना पाहणार.

जे तीन गोळे लागतात त्यांचाही भरवसा नाही. २४ मे १९४१ रोजी डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत ब्रिटिशांची ‘हूड’ आणि जर्मनांची ‘बिस्मार्क’ समोरासमोर आल्या. पहिली तोफ डागल्यापासून दहा मिनिटे होण्याच्या आत ‘हूड’चे दारूगोळा कोठार उडाले. १,४१८ जणांपैकी वाचले फक्त ३. दोनच दिवसांनी पाळी ‘बिस्मार्क’ची होती. जुनाट दिसणाऱ्या स्वोर्डफिश विमानांनी टाकलेला एक टॉर्पेडो तिच्या सुकाणूजवळ लागला, सुकाणू अडकले आणि त्या काळातली एक बलाढ्य युद्धनौका हव्या त्या दिशेला वळेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिश आरमाराने तिला गाठले.

हा प्रसंग गेममध्ये आणला, तर खेळाडूने रात्रभर गोल गोल फिरत बसून सकाळी बुडायचे. इतिहासाला धरून झाले, पण पैसे मोजून हे कोण खेळेल?

लोकप्रिय गेमनी काय तोडगा काढला?

२०१५ मध्ये आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ हा या प्रकारातला सर्वात ओळखीचा गेम. त्याची मोबाइल आवृत्ती ‘ब्लिट्झ’ अनेकांनी फोनवर खेळलेली असेल. संगणकावर १२ विरुद्ध १२ आणि मोबाइलवर ७ विरुद्ध ७ अशा लढती होतात. संगणकावरची लढत फार तर २० मिनिटांची. एवढ्या वेळात सगळे बसवायचे म्हणून नौका प्रत्यक्षापेक्षा कितीतरी वेगाने धावतात, गोळे लवकर पोहोचतात आणि टॉर्पेडो कधी संपतच नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक विनाशिकांकडे नळ्यांत भरलेले टॉर्पेडो सोडले की ते काम तिथेच संपायचे.

सुकाणू अडकले तर एक बटण दाबायचे, काही सेकंदांत दुरुस्ती. ‘बिस्मार्क’च्या कप्तानाला असे बटण मिळाले असते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

गंमत म्हणजे या गेममध्ये ‘हूड’चे मरणही ठेवलेले होते. ‘डिटोनेशन’ या नावाने. दारूगोळा कोठारावर गोळा बसला तर सगळी नौका एका फटक्यात संपू शकते. इतिहासाशी इतकी प्रामाणिक असलेली ही एक बाब, आणि खेळाडूंनी सर्वात जास्त शिव्या घातल्या त्या हिलाच. शेवटी हा धोका टाळणारा एक संकेतध्वजही गेममध्येच देण्यात आला. ध्वज लावा, कोठार सुरक्षित.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. हा गेम स्वतःला सिम्युलेटर म्हणून विकत नाही. बंदराच्या पडद्यावर नौकांचा बारीकसारीक तपशील हौसेने दाखवतो आणि लढाई मात्र क्रिकेटच्या टी-२० सारखी उरकतो. खरा पेच आहे तो जे गेम आपण सिम्युलेटर असल्याचे सांगतात त्यांच्यापुढे.

‘१०० टक्के वास्तव’ कसे मोजतात?

पाणबुड्यांच्या ‘सायलेंट हंटर’ मालिकेचा तिसरा भाग २००५ मध्ये आला. आजही तो आवर्जून खेळणारे आहेत. त्यात मोहिमेवर निघण्यापूर्वी खेळाडूसमोर एक यादी येते. बॅटरी संपावी की नाही, इंधन मर्यादित असावे का, प्राणवायू संपावा का, दुरुस्तीला खरा वेळ लागावा का, टॉर्पेडो निकामी निघावेत का, नकाशावर शत्रूची जागा आपोआप दिसावी का, बाहेरून पाणबुडी पाहता यावी का. प्रत्येक खूण केली किंवा काढली की वास्तवाची टक्केवारी बदलते.

कल्पना साधी आणि हुशार आहे. वैताग किती सोसायचा हे कंपनीने न ठरवता खेळाडूवर सोडले. नोकरीवरून थकून आलेला माणूस ४० टक्क्यांवर खेळेल, हट्टी माणूस १०० वर.

वेळेचेही तसेच. अटलांटिकवरची गस्त आठवडेच्या आठवडे चालायची. गेममध्ये वेळ १,०२४ पट वेगाने पळवता येतो, म्हणजे समुद्रातला एक दिवस साधारण ८४ सेकंदांत सरतो. क्षितिजावर धूर दिसला की घड्याळ पुन्हा जाग्यावर येते. प्रत्यक्ष नाविकांच्या वाट्याचा ओलसर डबा, शिळे अन्न आणि तोच तो समुद्र या ८४ सेकंदांत गडप होतो. याबद्दल कट्टर खेळाडूही सहसा तक्रार करत नाहीत. एवढा मोठा अपवाद मान्य केल्यावर ‘१०० टक्के’ या आकड्याचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

नेमबाजीचे गणित एवढे छळते का?

त्याच यादीत हाताने नेम धरण्याचा पर्याय आहे. तो निवडला की दहावीची त्रिकोणमिती परत भेटते. समजा डोलकाठी ३० मीटर उंच आहे आणि पेरिस्कोपमध्ये ती १ अंश कोनात भरते. म्हणजे जहाज सुमारे १,७०० मीटरवर आहे. विजेवर चालणारा जर्मन टॉर्पेडो ३० नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण १५.४ मीटर जातो. त्याला पोहोचायला ११० सेकंद लागतील. जहाज १० नॉटने चालले असेल, तर तेवढ्यात ते ५६५ मीटर पुढे गेलेले असेल. तेव्हा नेम जहाजावर धरायचा नाही, ते जिथे असणार आहे तिथे धरायचा.

आता खेळाडूने वेग १० ऐवजी ८ नॉट धरला, तर ११० सेकंदांत चूक होते सुमारे ११३ मीटरची. ‘लिबर्टी’ प्रकारचे मालवाहू जहाज जवळपास १३४ मीटर लांब असे. मध्यावर धरलेला टॉर्पेडो त्याच्या मागच्या टोकापासून ४५ मीटर अंतरावरून मुकाट निघून जातो. जहाजाला आडवा काटकोनात टॉर्पेडो सोडायचा असेल, तर अंतर थोडे चुकले तरी भागते, कारण किती पुढे नेम धरायचा तो कोन दोन्हींच्या वेगांवरच ठरतो. म्हणून जाणते खेळाडू अंतर मोजण्यात वेळ घालवत नाहीत, वेग मोजण्यात घालवतात.

हा वैताग कष्टाचा आहे, पण आंधळा नाही. नेम चुकला तर का चुकला ते वही-पेन घेऊन काढता येते. पुढच्या वेळी वेग नीट मोजला की टॉर्पेडो लागतो. खेळाडू इथेच टिकतो.

मग निकामी टॉर्पेडोचे काय?

तिथे वही-पेन कामाला येत नाही. सुरुवातीच्या प्रसंगातला खेळाडू बिचारा सगळे बरोबर करून हरला. पण त्याच्यापेक्षा वाईट गत खऱ्या कप्तानांची झाली होती.

अमेरिकेची ‘टिनोसा’ ही पाणबुडी २४ जुलै १९४३ रोजी जपानच्या ‘तोनान मारू क्र. ३’ या सुमारे १९ हजार टनी जहाजावर चालून गेली. आधीच्या टॉर्पेडोंनी जहाज जागीच थांबवले. मग कप्तान डॅस्पिट यांनी अगदी पुस्तकात दाखवावी तशी जागा घेतली, जहाजाच्या कुशीसमोर, काटकोनात. तिथून एकामागून एक टॉर्पेडो सोडले. ते लागत होते, फुटत नव्हते. अखेरीस त्यांनी शेवटचा टॉर्पेडो तपासणीसाठी राखून ठेवला आणि ते पर्ल हार्बरला परतले.

पुढे चाचण्यांतून निघालेले कारण कोणालाही चक्रावून टाकेल असे होते. मार्क १४ टॉर्पेडो काटकोनात जोरात आदळला की स्फोट घडवणारी खीळच धक्क्याने अडकत असे. तिरका लागला तर फुटण्याची शक्यता जास्त. म्हणजे नेम जितका अचूक, तितका टॉर्पेडो निकामी! त्याआधी हेच टॉर्पेडो ठरवलेल्यापेक्षा खोल धावत होते आणि त्यांचा चुंबकीय स्फोटकही दगा देत होता. एक दोष दुसऱ्याला झाकत होता. सगळे दुरुस्त होईपर्यंत अमेरिका युद्धात उतरून जवळपास पावणेदोन वर्षे झाली होती. तोवर अनेकदा दोष कप्तानांच्याच नेमबाजीला दिला जात होता.

इथे गेम बनवणाऱ्याची खरी अडचण होते. टॉर्पेडो निकामी काढणे सोपे आहे, एक फासा टाकला की झाले. पण आजचा खेळाडू इतिहास वाचून बसलेला असतो. कोणत्या वर्षी कोणता स्फोटक दगा देतो हे त्याला मोबाइलवर दोन मिनिटांत कळते. डॅस्पिट यांना जे ठाऊक नव्हते ते याला ठाऊक आहे. यंत्राचा दोष गेममध्ये आणता येतो, अज्ञान आणता येत नाही. मग शिल्लक राहतो तो फक्त फासा, आणि फाशाचा वैताग हा सर्वात निरर्थक वैताग.

कप्तान स्वतः किती कामे करतो?

‘१०० टक्के’च्या यादीतली सर्वात शंकास्पद खूण इथे सापडते. शस्त्र अधिकाऱ्याची मदत बंद केली की टक्केवारी वाढते. म्हणजे ओळख पटवणे, मोजणे, आकडे भरणे, झडप उघडणे, सगळे एकट्या खेळाडूने करायचे. जितका एकटा, तितका खरा.

प्रत्यक्षात जर्मनांच्या ‘सात-सी’ प्रकारच्या पाणबुडीवर सुमारे ४५ ते ५० माणसे असत. रात्री पृष्ठभागावरून हल्ला करताना दुर्बिणीतून नेम धरण्याचे काम बहुधा पहिल्या पहारा अधिकाऱ्याकडे असे. कप्तान शेजारी उभा राहून एकूण परिस्थिती पाहत असे. पाण्याखाली पेरिस्कोपवर कप्तान असला, तरी गणकयंत्रात आकडे भरणारा माणूस वेगळा. कप्तानाचे काम ऐकणे, ठरवणे आणि हुकूम सोडणे.

तेव्हा मदत घेऊन खेळणारा खेळाडू लबाडी करत नाही, उलट तो कप्तानाच्या जागेच्या जास्त जवळ आहे. सगळी कामे स्वतःच्या माउसने करणाऱ्याला जो थकवा येतो तो समुद्रावर कोणालाच आलेला नव्हता. या गेममधला बराचसा वैताग असा आहे. खरेपणाच्या नावाखाली खपवलेला, पण मुळात खऱ्याशी संबंध नसलेला.

अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या सोनॅलिस्ट्स कंपनीला हे नेमके कळले होते. तिच्या २००५ च्या ‘डेंजरस वॉटर्स’मध्ये सोनारपासून शस्त्रांपर्यंत प्रत्येक जागेवर खेळाडू स्वतः बसू शकतो, पण ती जागा संगणकाच्या खलाशांवर सोडण्याचीही सोय आहे. आधुनिक पाणबुडीत तर ही सोय अत्यावश्यकच. नुसते ऐकून शत्रूची दिशा कळते, अंतर कळत नाही. अंधारात ट्रकचा हॉर्न ऐकू यावा, पण तो किती लांब आहे ते उमगू नये, तसे. स्वतःची दिशा बदलत, पुन्हा पुन्हा ऐकत अंतराचा अंदाज बांधावा लागतो. पाणबुडीवर त्यासाठी अख्खी तुकडी राबते.

याउलट ‘वुल्फपॅक’ने दुसरा मार्ग काढला. एका पाणबुडीत अनेक खेळाडू इंटरनेटवरून एकत्र येतात, एक पेरिस्कोपवर, एक सुकाणूवर, एक ध्वनियंत्रावर. चूक झाली तर दोष द्यायला माणूस मिळतो, हा त्यातला अस्सल खरेपणा.

नौदल स्वतः काय करते?

लिव्हरपूलमध्ये १९४२ च्या सुरुवातीला कमांडर गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी ब्रिटिश नौदलासाठी एक युद्धखेळ उभा केला. खोलीची जमीन म्हणजे समुद्र, खडूच्या रेषा म्हणजे नौकांचे मार्ग. तो चालवणाऱ्यांत बहुतेक ‘रेन्स’ म्हणजे नौदलातल्या तरुण मुली होत्या. अटलांटिकवरून ताफे नेणारे अधिकारी तिथे शिकायला येत. त्यांना पडद्यामागे उभे करून लहानशा फटीतून जमीन पाहू दिली जाई, आणि पाणबुडीचा मार्ग त्या फटीतून दिसणार नाही अशा रंगाच्या खडूने काढला जाई. सुमारे ५,००० अधिकारी या खोलीतून शिकून गेले.

तिथे इंजिनाचा आवाज नव्हता, लाटा नव्हत्या, पेरिस्कोप नव्हता. खरी होती ती एकच गोष्ट. अधिकाऱ्याला समुद्रावर जेवढे दिसले असते तेवढेच तिथे दिसे. वैताग येतच असणार, पण डाव संपला की पडदा बाजूला करून पाणबुडी कुठून आली ते दाखवले जाई. बहुतेक व्यावसायिक गेम नेमके हे शेवटचे पाऊल विसरतात.

आपल्याकडे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात याची दुसरी बाजू दिसते. तिथल्या डॅमेज कंट्रोल सिम्युलेटरची उभारणी गोवा शिपयार्डने केली. त्यात खरे पाणी आत घुसते, जमीन कलते आणि प्रशिक्षणार्थींना भोके बुजवावी लागतात. बटण नाही. कारण तिथे शिकणाऱ्याचे समुद्रावरचे कामच हाताने भोक बुजवण्याचे आहे. कप्तानाला फट आणि खलाशाला पाणी. ज्याला ज्या जागेसाठी तयार करायचे, त्याच्यापुढे त्या जागेवरचीच अडचण ठेवायची, एवढा सरळ हिशेब गेमच्या टक्केवारीत हरवतो.

पुढे काय?

‘सायलेंट हंटर’चा पाचवा भाग २०१० मध्ये आला. त्यात पाणबुडीच्या आत चालत फिरता येत होते. पण खेळण्यासाठी सतत इंटरनेट जोडलेले असण्याची सक्ती होती, आणि त्याच मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाल्याने पैसे भरलेल्या अनेकांना आपलाच गेम उघडेना. याला मात्र खरेपणाचे निमित्तही नव्हते. सहावा भाग आजतागायत आलेला नाही.

ती जागा आता छोट्या स्टुडिओंनी घेतली आहे. पोलंडच्या ‘यूबोट’ने २०१९ पासून अर्धवट रूपात खेळाडूंची मते घेत २०२४ मध्ये पूर्ण आवृत्ती आणली. त्यात खलाशी थकतात, घाबरतात, त्यांना विश्रांती द्यावी लागते, आणि कप्तान हुकूम देतो. नेम हाताने धरायचा की अधिकाऱ्यावर सोडायचा हे खेळाडू ठरवतो.

एका बाबतीत मात्र खेळाडूंनी कोणत्याही स्टुडिओची वाट पाहिली नाही. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार जणांपैकी जवळपास तीन चतुर्थांश परत आले नाहीत. गेममध्ये मात्र बुडालो की जुना सेव्ह उघडता येतो. म्हणून अनेक जुन्या खेळाडूंनी स्वतःवर एक नियम घालून घेतला आहे, ‘मेला तो मेला’. पाणबुडी बुडाली की महिनाभर जपलेली कारकीर्द स्वतःच्या हाताने पुसायची. टॉर्पेडो निकामी निघण्याची खूण काढून टाकणारे आणि हा नियम पाळणारे अनेकदा एकच असतात. मग नव्या कप्तानाचे नाव टाकायचे, तारीख पुन्हा १९३९ ची, आणि कीलच्या धक्क्यावरून दोरखंड सोडायचे.